फेंडर काढणं सोपं, परत बसवणं हेच खरं काम

मागच्या अंकात जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या पत्र्याबद्दल काही अडत असेल तर विचारा असं लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली सहा आज घेतोय. पहिल्या पत्राला लांबलचक उत्तर दिलंय कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांनी विचारलाय.

प्रश्न : काका, आमच्याकडे १९६७ची एमजीबी रोडस्टर आहे, आजोबांनी एसटीसीच्या (सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या) लिलावात घेतलेली. डाव्या बाजूचा पुढचा फेंडर (चाकावरचा पत्रा) चाकाच्या मागे खालच्या कोपऱ्यात सडलाय, बोट घातलं तर आरपार जातं. जवळचा डेंटर म्हणतो की दोन दिवसांत पॅच मारून लांबी (पुट्टी) भरून देतो, मित्र म्हणतो इंग्लंडहून नवीन फेंडर मागव. मला स्वतः करायचंय, मिग वेल्डिंग मशीन घेतलंय. सुरुवात कुठून करू? बोल्ट तर हलतच नाहीयेत.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आधी एक गोष्ट सांगतो, पाना खाली ठेवा. बोल्ट हलत नाहीयेत हे एका अर्थी बरंच झालं, कारण फेंडर काढायच्या आधी जे काम करायचं असतं ते बहुतेक जण करतच नाहीत आणि मग महिनाभराने फेंडर परत बसवताना डोक्याला हात लावून बसतात.

तुमचा फेंडर तिथेच का सडला ते बघा. एमजीबीच्या पुढच्या चाकाच्या मागे, फेंडरच्या आत एक उभा पत्रा असतो, चिखल मागे जाऊ नये म्हणून, आणि त्याच्या कडेला रबराची पट्टी असते. पाचपन्नास वर्षांत ते रबर कडक होऊन तुटतं, मग चाकाने उडवलेला चिखल त्या फटीतून मागे जातो आणि फेंडर, दरवाजाचा पुढचा खांब आणि खालचा सिल (दरवाजाखालची लांब पोकळ पेटी) यांच्या मधल्या पोकळीत बसून राहतो. पावसाळा संपला तरी तो चिखल आतून ओलाच असतो. म्हणजे फेंडर बाहेरून सडलेला नाही, आतून सडून बाहेर आलाय, आणि जे फेंडरचं झालंय तेच त्याच्या मागच्या सिलचं झालं असण्याची शक्यता खूप जास्त आहे. एमजीबीला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस, आणि उघड्या रोडस्टरला वरून छप्पराचाही आधार नाही, त्यामुळे सगळा भार त्या दोन सिलांवर. म्हणून दोन दिवसांत पॅच मारून लांबी भरणं ही नुसती मलमपट्टी आहे, तुमच्या डेंटरचा हात कितीही चांगला असला तरी, कारण मूळ दुखणं आत तसंच राहतं आणि दोन पावसाळ्यांत लांबीसकट पॅच खाली येतो.

आता तपासणी. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करा, टायरमध्ये हवा सारखी. दरवाजा उघडून टोकाला धरून हलकेच वर उचला, बिजागरीत खेळ आहे का बघा. मग दरवाजाच्या भोवतीची फट मोजा, वर, मध्ये, खाली, पुढे आणि मागे, आणि वहीत लिहा. नंतर मागची बाजू जॅकवर थोडी उचला आणि दरवाजा उघडून लावून बघा. फट बदलली, दरवाजा अडकायला लागला, तर सिल कमजोर झालाय आणि मग फेंडरचं काम बाजूला ठेवून आधी सिल. आधी पाया मग कळस. फट जशीच्या तशी राहिली तर पुढे जा.

फेंडर नवा का जुना? माझं मत स्पष्ट आहे, जेवढा वाचवता येईल तेवढा जुना वाचवा. नवीन मिळत नाही असं नाही, एमजीबीच्या बाबतीत आपण खरंच नशीबवान आहोत, १९६२ ते १९८० पर्यंत इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांच्या वर गाड्या निघाल्या आणि ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून मूळ साच्यांवर अख्खी बॉडीशेल परत बनवायला घेतली, त्यामुळे चांगले पॅनेल आजही मिळतात. पण बाजारात नकलेचे पॅनेलही भरपूर आहेत, त्यांची घडी मूळसारखी कुरकुरीत नसते, बोल्टची भोकं दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असतात आणि हेडलाइटच्या भोवतीचा उभार चपटा असतो. तुमचा फेंडर तुमच्या गाडीवर कारखान्यातच बसवलेला आहे, त्या दरवाजाशी आणि त्या बॉनेटशी त्याची सवय झालेली आहे. खालचा वीतभर भाग गेलाय, वरचा सगळा शाबूत आहे, तर तेवढाच कापून बदला. खालच्या कोपऱ्याचा तयार तुकडाही विकत मिळतो, नाहीतर घरी बनवता येतो कारण तिथे वळण साधं आहे.

बोल्टबद्दल. हे सगळे इंची मापाचे, यूएनएफ आटे, एएफ पाने लागतात. मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना लावलात तर डोकं गोल झालंच म्हणून समजा. बॉनेट उघडलं की वर नाल्यात एक रांग दिसते, मागची उभी रांग चाकाच्या कमानीतून तो चिखल अडवणारा पत्रा काढल्यावर सापडते, खाली सिलला काही आहेत, पुढे बंपरच्या मागे काही, आणि सगळ्यात वरचे डॅशबोर्डच्या टोकाला खालून हात घालून चाचपडत शोधावे लागतात. हे आतले लोकांना माहीत नसतात, मग सगळे बोल्ट काढले असं समजून फेंडर ओढतात आणि वरचा कोपरा, काचेच्या फ्रेमच्या पायाशी, कायमचा वाकवून ठेवतात. फेंडर सैल वाटतोय पण एका जागी धरून ठेवल्यासारखा वाटतोय, तर तिथे बोल्ट आहेच, शोधा.

पेनिट्रेटिंग ऑइल आठवडाभर रोज संध्याकाळी मारा. आधी तारेच्या ब्रशने आट्यावरचा चिखल काढा, नाहीतर तेल चिखलच पितो. मग पाना लावून आधी घट्ट करायच्या दिशेने अगदी किंचित, मग सोडायच्या दिशेने, परत घट्ट, परत सोडा, असं पाव-पाव फेऱ्याने. यातले बरेच नट पिंजऱ्यात बसवलेले असतात, जोर लावला तर पिंजरा तुटून नट आत गरगर फिरायला लागतो आणि मग कापण्यावाचून इलाज नाही. त्यापेक्षा बोल्टचं डोकं ग्राइंडरने उडवलेलं परवडलं, फेंडर निघाल्यावर उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने निघतो. गॅसची ज्योत तिथे लावू नका, आत अंडरकोट आहे, वायरिंग आहे, गालिचा आहे.

आणि हो, वेल्डिंगच्या आधी बॅटरी. बॉनेटखाली शोधू नका, या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे फ्लोअरखाली असतात. १९६७च्या बऱ्याच गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा प्लस बॉडीला) आहे, नेहमीच्या सवयीने मायनस म्हणजे बॉडी असं धरून चालू नका, दोन्ही वायरी काढूनच ठेवा. पण मी म्हणेन की फेंडर गाडीवर ठेवून वेल्ड करूच नका, खाली काढून टेबलावर करा. गाडीवर फक्त माप घ्यायचं आणि फार तर दोन-तीन टाके मारून जागा पक्की करायची, तेही आजूबाजूला ओलं गोणपाट टाकून आणि बादलीभर पाणी जवळ ठेवून.

फेंडर निघाला की आतली बाजू उन्हात ठेवून बघा. बाहेरून जेवढा गंज दिसतो त्याच्या दुप्पट जागेत आतून पत्रा खवले-खवले झालेला असतो. पेनाने नाही, टोच्याने टोचत जा, जिथे टोच्या कडक टण् करून थांबतो तिथून दोन सेंटिमीटर वर खडूने रेघ मारा आणि तिथे कापा. गंजलेल्या पत्र्याला वेल्ड धरत नाही, भोकच पडत जातं, आणि एक भोक बुजवताना शेजारी दुसरं. लोक मशीनला दोष देतात, मशीनची काही चूक नसते, पत्राच उरलेला नसतो.

तुकड्यासाठी २० गेजचा सीआरसी पत्रा घ्या, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. जाड घेतला की मजबूत असं वाटतं पण दोन जाड्यांच्या सांध्यात पातळ बाजू आधी जळते. जीआय (जस्त चढवलेला) पत्रा नको, जस्ताचा धूर छातीत जातो. आधी जाड पुठ्ठ्याचा साचा करा, फेंडरवर धरून बघा, मग पत्रा कापा. एकावर एक ठेवून नाही, कडेला कड लावून जोडायचं, मध्ये साधारण एक मिलिमीटरची फट ठेवून, कारण एकावर एक ठेवलेल्या जागी परत पाणी साठतं आणि पाच वर्षांनी तुम्ही मला परत पत्र लिहाल.

मिगला ०.६ची तार लावा. टाका मारा, मग तिथून दहा सेंटिमीटरवर दुसरा, मग परत मध्ये, सलग रेघ ओढायचीच नाही. प्रत्येक टाक्यानंतर हाताचा पंजा तिथे ठेवता आला पाहिजे, चटका बसतोय तर थांबा, चहा घेऊन या. वेल्ड गार होताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा स्वतःकडे ओढतो, त्यामुळे सांध्याच्या कडेने पत्रा आत बसतो. मग लोक तिथे लांबी भरतात. अहो, लांबी नका भरू, आकसलेला वेल्ड परत ताणायचा असतो. खालून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) बरोबर टाक्याच्या पोटाला धरायची आणि वरून हातोडीने त्या टाक्यावरच हलके हलके मारायचं, चापट मारल्यासारखं, ठोकल्यासारखं नाही. बरोबर जागी बसली की आवाज बदलतो, घंटेसारखा येतो, डॉली सरकली असेल तर थप् असा बोदा आवाज. माझे उस्ताद कानाने काम करायचे, पाठ करून बसलेले असले तरी सांगायचे, डॉली हलली बघ. दर दोन-तीन टाक्यांनंतर हे केलंत तर शेवटी पत्रा जवळजवळ सपाट निघतो.

ताणणं जास्त झालं तर उलटं होतं, अंगठ्याने दाबलं की पत्रा आत जातो आणि सोडलं की टक् करून बाहेर येतो. तिथे नाण्याएवढा ठिपका लाल करायचा, कडेकडेने हलकं बडवायचं आणि ओल्या फडक्याने गार करायचं, पत्रा आखडतो. पण एका वेळी एकच ठिपका.

मग डोळ्याने नाही तर हाताने तपासा. पातळ सुती हातमोजा घाला किंवा मध्ये फडकं धरा आणि तळहात सपाट ठेवून लांब फिरवा, जे डोळ्याला दिसत नाही ते तळहाताला कळतं. वर काळ्या रंगाचा एक हलका फवारा मारून लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून घासा. काळं उरलं तिथे खोलगट, चकाकलं तिथे उंच.

लांबी अजिबात नको असं मी म्हणत नाही. कागदाच्या जाडीएवढी, फार तर दीड-दोन मिलिमीटर, चालते, आणि ती मारायची एपॉक्सी प्रायमरवर. उघड्या पत्र्यावर मारली तर ती ओल धरते. कोणाला जुन्या पद्धतीने शिसं भरायचं असेल, ३० टक्के कथील ७० टक्के शिसं, तर ते आजही उत्तम काम आहे, कडेला तर त्याला तोड नाही, पण ते फक्त कानशीने घासायचं. ग्राइंडर लावलात तर शिशाची पूड हवेत जाते, ती तुमच्या आणि घरातल्या लहान मुलांच्या अंगात जाते, हे मी कळकळीने सांगतोय.

एक पुण्यातली आणि कोकणपट्टीतली खास अडचण. घासून चकचकीत केलेला पत्रा जून-जुलैत रात्रभर उघडा ठेवू नका. सकाळी तुमच्या अंगठ्याचा ठसा त्यावर तांबूस उमटलेला दिसेल, रेघांसकट, घामातलं मीठ ते. घासलं की थिनरने पुसून त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारायचा. मारायला वेळ नसेल तर त्या दिवशी घासूच नका.

आता बसवणं. रंग मारायच्या आधी, नुसत्या प्रायमरमध्ये, एकदा पूर्ण बसवून बघायचा, आणि हे टाळायचं नाही. दरवाजा आधी मागच्या बाजूशी नीट जुळवलेला असला पाहिजे, मग फेंडर दरवाजाशी, मग बॉनेट फेंडरशी, हा क्रम, उलटा केलात तर चूक पुढे ढकलत जाल आणि ती शेवटी बॉनेटच्या कोपऱ्यात येऊन बसेल. दरवाजाच्या कडेला मास्किंग टेपचे तीन-चार थर लावा. दोघं जण हवेत, एकट्याने फेंडर धरून बोल्ट लावू नका. सगळे बोल्ट दोन-तीन आटे धरतील एवढेच लावायचे, एकही घट्ट नाही. ॲक्रिलिकची चार मिलिमीटरची पट्टी कापून आणा, ती दरवाजा आणि फेंडरच्या फटीत वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी अडकवा, फेंडर हाताने ढकलून टेकवा आणि मग दरवाजाच्या बाजूचे बोल्ट आधी, वरची रांग नंतर, खालचे आणि पुढचे शेवटी असं थोडं-थोडं आवळत जा. दरवाजा उघडून बघा, लावून बघा. मग रस्त्यावरून एक चक्कर मारून आणा आणि परत मोजा, बॉडी हलली की फेंडर आपली जागा शोधतो, आणि तुमच्या वहीतल्या आकड्यांचा उपयोग इथे होतो.

पटलं की परत उतरवा, आतली बाजू आणि टेकणाऱ्या कडा रंगवा, त्या कडांवर न सुकणाऱ्या सीलरची पट्टी, बोल्टला कॉपर ग्रीस, चिखल अडवणाऱ्या पत्र्याला नवीन रबर. सगळं बसल्यावर पोकळीत कॅव्हिटी वॅक्सचा फवारा लांब नळीने. आणि खालची पाणी जायची वाट मोकळी आहे का ते तारेने बघा, मेण नाहीतर सीलर तिथे साचून भोक बुजवतं आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं, अगदी खरोखर.

प्रश्न : मी लेस्टरला राहतो, माझी एमजीबी जीटी आहे. गेल्या वर्षी एका वर्कशॉपमधून दोन्ही सिल बदलून घेतले. त्यानंतर उजवा फेंडर बसतच नाहीये, दरवाजाच्या वरच्या बाजूला फट करंगळीएवढी आणि खाली पोस्टकार्डही जात नाही. फेंडरची भोकं मोठी केली तर चालेल का?
– एक वाचक, इंग्लंड

उत्तर : नका करू. फेंडरचा काही दोष नाही, तो फक्त खरं सांगतोय. जुना सिल कापताना दरवाजाच्या चौकटीत आडवा-उभा आधार वेल्ड करून ठेवावा लागतो, नाहीतर गाडी मध्यावर हलते आणि नवीन सिल त्याच हललेल्या जागी वेल्ड होतो. जीटीला छप्पर आहे म्हणून रोडस्टरइतकी वाकत नाही, पण वाकते. चौकटीचे दोन कर्ण मोजा, उजवी बाजू आणि डावी बाजू तुलना करा. फरक पाच-सहा मिलिमीटरच्या वर निघाला तर सिल परत उघडावा लागेल, वाईट वाटतं सांगायला पण दुसरा मार्ग नाही. फरक नसेल तर मात्र दरवाजाच खाली बसलाय का, बिजागरीच्या मागच्या पातळ पट्ट्या परत टाकल्यात का ते बघा, बऱ्याच वेळा त्या वर्कशॉपच्या डब्यात राहून जातात. आणि एमजीबीचा सिल फेंडरच्या मागेपर्यंत जातो, त्यामुळे फेंडर न काढता सिल बदलून दिला असं कोणी म्हणालं तर तो पूर्ण बदललेलाच नाही, वरून एक पत्रा चढवलाय. जुनी बिलं आणि फोटो मागून घ्या.

प्रश्न : न्यू जर्सीत माझ्याकडे १९६४ची ऑस्टिन-हीली ३००० आहे. फेंडर आणि पुढच्या बॉडीच्या जोडावर रंगाला फोड येतात, दोनदा रंगवलं तरी तिथेच येतात. फोड फोडला तर गंज नाही, पांढरी भुकटी निघते.
– एक वाचक, अमेरिका

उत्तर : पांढरी भुकटी म्हणालात तिथेच निदान झालं. तुमच्या हीलीचं पुढचं आणि मागचं मुख्य आवरण, ज्याला तिकडे श्राउड म्हणतात, ते ॲल्युमिनियमचं आहे आणि फेंडर पोलादी. लोहचुंबक फिरवून बघा, जोडाच्या एका बाजूला चिकटेल, दुसऱ्या बाजूला नाही. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की ती एक छोटी बॅटरीच होते, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तुमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे तयारच.

रंग वरून कितीही वेळा मारलात तरी उपयोग नाही, जोड उघडावा लागेल. फेंडर काढा, मधली बीडिंगची पट्टी काढा, ॲल्युमिनियमची कड स्वच्छ करा. इथे पोलादावर वापरलेला ब्रश किंवा पेपर अजिबात वापरू नका, त्यातले लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथूनच परत सुरू होतं. जिथे कड खाऊन कागदासारखी झालीये तिथे ॲल्युमिनियमचाच तुकडा टिग वेल्डिंगने जोडून घ्या, हे मात्र सराईत माणसाकडून. मग दोन्ही धातूंना, टेकणाऱ्या जागी आणि बोल्टच्या भोकांच्या आतल्या कडेलाही, एपॉक्सी प्रायमर, मध्ये सीलर, बोल्टखाली नायलॉनचे वायसर. धातू धातूला कुठेच टेकता कामा नये.

त्या कडेला वाकवायची वेळ आली तर जुनं ॲल्युमिनियम कडक झालेलं असतं, थंड बडवलं की चिरतं. आधी मऊ करायचं. आपल्या साध्या धुण्याच्या साबणाची वडी कोरडीच त्यावर घासा, खडूसारखी रेघ उमटेल, मग मागून मोठ्या मऊ ज्योतीने हळूहळू तापवा आणि त्या रेघेवर नजर ठेवा. पिवळट होते, तपकिरी होते, आणि काळी पडली की त्याच क्षणी ज्योत बाजूला. ॲल्युमिनियम तापलं तरी लोखंडासारखं लाल होत नाही, ६६० अंशाला थेट वितळून खाली पडतं, आधी काही इशारा देत नाही. तो इशारा साबण देतो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तासभर नुसते तुकडेच तापवत बसलो होतो, इतकं ते सुंदर दिसतं.

प्रश्न : म्हापशाहून लिहितेय. माझ्या भावाची सॅन स्टॉर्म आहे, तिच्या बॉनेटवर बिजागरीजवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडल्यात. डेंटर म्हणतो लांबी मारून रंगवू. चालेल का?
– एक वाचक, गोवा

उत्तर : ताई, स्टॉर्मची बॉडी फायबरग्लासची आहे, इथे पत्र्याचे नियम लागू होत नाहीत. चिरा वरच्या जेलकोटच्या थरात दिसतात पण कारण खाली असतं, बिजागरीचा बोल्ट जास्त आवळलाय किंवा बॉनेट एका बाजूने अडकतंय म्हणून रोज उघडताना तिथे ताण येतोय. नुसती लांबी मारली तर सहा महिन्यांत त्याच चिरा त्याच जागी. आधी बॉनेट सरळ बसतंय का ते बघा, बोल्टखाली मोठा वायसर आणि रबर टाका. मग चिरांच्या जागी वरचा थर उताराने घासून काढा, मागच्या बाजूने मॅट आणि रेझिनचे दोन थर द्या आणि मगच वरून भरा. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, काचेचे तंतू कातडीत गेले की दोन दिवस खाजतं. गोव्याच्या पावसाळ्यात रेझिन नीट सुकत नाही, चिकट राहतं, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत थांबता आलं तर थांबा.

प्रश्न : माझ्या १९६८च्या गाडीला विंटेजचा नवीन नंबर घ्यायचाय. दोन पॅनेल बदलून घेतले तर अडचण येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : २०२१च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची, मूळ स्वरूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए येतं. नवीन नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा अशी अट आहे. म्हणून पॅनेल मूळ आकाराचे, मूळ धातूचेच बसवा, फेंडर रुंद करणं, हूड स्कूप लावणं असले प्रकार करू नका, आणि काम सुरू व्हायच्या आधीचे, चालू असतानाचे आणि नंतरचे फोटो बिलांसकट एका फाइलमध्ये ठेवा. अर्ज फॉर्म २० वर होतो, सोबत विमा, जुनं आरसी, आणि आयात गाडी असेल तर बिल ऑफ एंट्री. या नंबरवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच, हे लक्षात असू द्या.

प्रश्न : काका, मी आयटीआयला आहे, कोल्हापूर. मला हे पत्र्याचं काम शिकायचंय पण आमच्याकडे स्पोर्ट्स कार कुठे मिळणार. घरी कसा सराव करू?
– एक विद्यार्थी

उत्तर : अरे, तुला स्पोर्ट्स कार लागतच नाही. भंगारवाल्याकडून पद्मिनीचं किंवा ॲम्बेसेडरचं एक जुनं बॉनेट आण, किलोवर मिळतं. जुना पत्रा चांगला जाड आणि मऊ असतो, हाताला शिकवतो.

त्यावरचा गंज आधी काढायला शीक, आणि तुझ्या जिल्ह्यात तर त्याचं औषध घरचंच आहे. काकवीत नऊ पट पाणी मिसळून प्लास्टिकच्या पिंपात लहान गंजके भाग पूर्ण बुडवून ठेव, दोन आठवड्यांनी काढ, गंज निघून राखाडी लोखंड उरतं आणि चांगला पत्रा फारसा खाल्ला जात नाही. वास येतो, पिंप घरापासून लांब ठेव. ॲल्युमिनियमचं काही त्यात घालू नको. घाई असेल तर धुण्याचा सोडा, पाणी आणि बॅटरी चार्जर, गंजका भाग मायनसला आणि भंगार लोखंडाची पट्टी प्लसला, पण ती पट्टी स्टेनलेसची कधीच नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे उघड्यावर कर, हायड्रोजन निघतो, जवळ बिडी-काडी नको.

मग बॉनेटच्या मधोमध, जिथे किंचित गोलाई आहे तिथे, वहीच्या पानाएवढा चौकोन काप आणि तोच चौकोन परत त्याच जागी वेल्ड कर. सोपं वाटेल ऐकायला. पहिल्या वेळी पत्रा पापडासारखा होईल, होऊ दे, शेजारी दुसरा चौकोन काप. कोपरे गोल ठेव, चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो. टाके लांब लांब मार, डॉली-हातोडी वर सांगितल्याप्रमाणे, लांबीला हात लावायचा नाही. एका बॉनेटवर आठ-दहा चौकोन सहज होतात. शेवटच्या दोन-तीनचे फोटो मला पाठव, पण वरच्या बाजूचे नको, ग्राइंडरने घासलेला वेल्ड वरून सगळ्यांचाच छान दिसतो, मागची बाजू पाठव, तिथे टाका आरपार गेलाय का ते मला बघायचंय.